मंगळवारचं पान

आमच्या ऑफिसात ‘इतर’ हा शब्द लिहिणाऱ्याला दंड होता. सगळ्यांसाठी गिला वडा, म्हणजे दह्याचटणीतला ओला वडा, आणायचा, आणि तोही खालच्या गाडीवरचा नाही, मालकीणबाई सांगतील त्या गाडीवरचा. ती गाडी नेमकी राजापेठेच्या दुसऱ्या टोकाला. भर दुपारी, दुचाक्यांच्या गर्दीतून चटणीच्या पिशव्या सांभाळत एकदा जाऊन आलं की ‘इतर’ या शब्दाची हौस कायमची फिटायची.

ऑफिस वेबसाइट बनवायचं. जागा तिसऱ्या मजल्यावर, खालचे दोन्ही मजले ट्युशन क्लासवाल्यांचे. मालकीण त्याच, साहेब त्याच आणि भांडायला पुढे जाणाऱ्याही त्याच. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. मी मूळचा तेल्हाऱ्याचा, शिकून अमरावतीत राहिलेला, आणि पडद्यावरची पानं सजवायचं काम माझ्याकडे होतं. बाईंना माझ्या सजावटीशी काही देणंघेणं नव्हतं. “निळं ठेव का जांभळं ठेव, मले काय कराचं,” म्हणायच्या. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता: कोणती गोष्ट कुठे ठेवायची, आणि शोधायला आलेला माणूस ती आधी कुठे बघेल. ‘इतर’वरचा राग त्यातूनच आलेला. “‘इतर’ म्हणजे काय? मले इचार कराचा कंटाळा आला, असं लेहून ठेवणं झालं थे.”

अंगाने किरकोळ, पण आवाज तिन्ही मजल्यांना पुरेल असा. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत चिठ्ठ्या. वेबसाइट कोणाचीही असो, तिच्यात जे जे सांगायचं असेल त्याच्या चिठ्ठ्या बाई आधी तयार करायच्या. मग जिन्यात जायच्या. मुलांचे क्लास सुटायची वाट बघत उभे असलेले आईबाप हे बाईंचं हक्काचं गिऱ्हाईक. त्यांना वर आणायचं, चहा द्यायचा, टेबलावर चिठ्ठ्या पसरायच्या आणि म्हणायचं, “घरचे डबे लावता तसं लावा. जे सोबत वाटते थे सोबत ठेवा.” साइट तयार झाली की पुन्हा जिन्यातूनच माणसं धरून आणायची, हातात फोन द्यायचा आणि सांगायचं, अमुक गोष्ट शोधा.

शोधणारा शोधत असताना आम्ही मागे उभं राहायचं. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. आणि हात मागे बांधायचे, कारण बाईंच्या मते मनुष्याचं बोट त्याच्या आधी धावतं. “हात मागे,” हे शब्द त्या ऑफिसात दिवसभर ऐकू यायचे. नवीन कोणी आला तर त्याला वाटायचं, शाळाच आहे.

एकदा एका गॅस एजन्सीच्या साइटवर एका काकांना तक्रारीचा नंबर सापडेना. बिचारे घामाघूम झाले. मी हळूच पुटपुटलो, “काकांना समजत नाहीये.” बाईंनी काकांच्या समोरच मला झापलं. “त्याईले समजते. तुले मांडता येत नाही. जाय, त्याईच्यासाठी चहा आण.” काकांना दोन घोट चहा जास्त मिळाला आणि मला ते पान पुन्हा करावं लागलं.

बाई स्वतः रस्त्यात कोणाला पत्ता विचारत नसत. पाटी सांगेल तिकडे जायचं, आणि पाटी चुकीची असेल तर शेवटपर्यंत चुकायचं, हा त्यांचा नेम. ऑफिसची सहल चिखलदऱ्याला गेली होती तेव्हा एका वळणावर पॉइंटच्या पाटीचा बाण वाऱ्याने फिरला होता. रस्ता दुसरा आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बाई मात्र बाणाप्रमाणे निघाल्या आणि आम्ही मुकाट्याने त्यांच्या मागे. शेवटी पोचलो ते एका कॉफीवाल्या शेतकऱ्याच्या अंगणात. तिथे कॉफीची फळं वाळत घातली होती आणि एक कुत्रं आमच्यावर भुंकत होतं. मालक बाहेर आला. “कोण पाह्यजे?”

“तुमचा पॉइंट पाहाले आलो,” बाई म्हणाल्या.

माणूस भला होता. त्याने हसून कॉफी पाजली. कॉफी संपल्यावर बाईंनी त्यालाच वळणावर नेलं, आम्हाला खांब धरायला लावला आणि दगड ठोकून बाण सरळ करवला. तोवर धुकं उतरलं. पॉइंट आम्हाला दिसलाच नाही. परतीच्या गाडीत सगळ्यात खूश बाईच होत्या.

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा पत्रिका हातात घेऊन त्या बराच वेळ शोधत बसल्या. “मामा सापडला. आत्या सापडली. आशीर्वाद देणारे वारलेले आजोबा सापडले. हॉल कुठी हाय?” हॉल अगदी तळाशी होता, बारीक अक्षरात, मोत्यांच्या नक्षीखाली. बाईंनी लाल पेनाने त्याला गोल केला. “आपल्या साऱ्या साइटी अशाच असते पाह्य. बोलावणारे वर, अन् यायचं कुठी थे खाली.” लग्नाला त्या आल्या तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. मी विचारलं, इतका उशीर? म्हणाल्या, “पत्रिका वाचून आली ना.”

हे वेड त्यांना लहानपणापासूनचं. वडील बडनेऱ्याला रेल्वेच्या डाकेत पत्रं लावायच्या कामावर होते, त्यामुळे खणाखणांचं लाकडी कपाट घरात खेळण्यासारखं. वस्तीतल्या बुद्धविहारात छोटं वाचनालय होतं. बाई दहावीत होत्या तेव्हा त्यांनी तिथली विषयवार लावलेली पुस्तकं काढून टाकली आणि तीन फळ्या केल्या. पहिली परीक्षेची, दुसरी रडवणारी, तिसरी घरी न दाखवता वाचायची. पहिल्या दोन फळ्या भराभर रिकाम्या व्हायच्या. तिसरीतलं एकही पुस्तक हललं नाही, कारण त्या फळीपाशी कोण उभं आहे हे सगळ्या विहाराला दिसायचं. बाई ही गोष्ट हसत सांगायच्या. आम्हीही हसायचो. ती फळी पुढे पुन्हा आमच्यासमोर येणार आहे हे कोणाला माहीत होतं.

अकोल्याजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम आमच्याकडे आलं. त्या दवाखान्यातल्या बायकांच्या डॉक्टर स्वतः अमरावतीला आल्या होत्या. मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “पाळी बंद होऊन वर्षं झालेली असतात, आणि बाईला पुन्हा अंगावरून जायला लागतं. ती घरात सांगत नाही. सुनेला नाही, नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. माझ्याकडे येते तेव्हा माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं. वेळेवर आली तर यातल्या कितीतरी बऱ्या होतात हो. मला त्या आधी पाहिजेत.”

बाई एरवी कोणालाही वाक्य पूर्ण करू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलल्या. “आणू.”

दवाखान्याची जुनी साइट उघडली की आधी अध्यक्षसाहेब हात जोडून उभे असत. मग त्यांचेच फोटो सरकत, मग मनोगत, मग विभाग. विभाग कसे, तर डॉक्टरांच्या मानाप्रमाणे, आणि नावं अशी की वाचतानाच आजार वाढावा. बाईंनी ते सगळं मोडलं. मला एक माणसाची आकृती काढायला लावली. डोळ्यावर बोट ठेवलं की डोळ्यांचा डॉक्टर कोण आणि कधी, गुडघ्यावर ठेवलं की हाडांचा. शब्द सगळे लोकांच्या तोंडचे. बायकांच्या विभागातही त्यांनी बायका आपसात बोलतात तेच शब्द घातले, काही आडपडदा ठेवला नाही. मी त्या आकृतीवर पुष्कळ मेहनत केली. बाई चक्क म्हणाल्या, “छान दिसून राह्यला तुया माणूस.” असं कौतुक त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

तो माणूस घेऊन आम्ही अकोल्याला गेलो आणि दवाखान्याच्या हॉलमध्ये बसलो. बाई एकेका बाईजवळ जाऊन सांगायच्या, “तुमच्या ओळखीतल्या एका बाईले असा असा तरास हाय समजा. तिनं कोणत्या दिवशी यायचं, तेवढं शोधून द्या.” आम्ही हात मागे बांधून उभे. समोरच्या बाईच्या हातात फोन जायचा. ती शेजारी बसलेल्या मुलाकडे किंवा नवऱ्याकडे एकदा बघायची आणि आकृतीच्या दातावर बोट ठेवायची. पहिली बाई दात, दुसरी दात, तिसरीही दात. मला वाटलं साइट बिघडली. मग एका आजीबाईंनी फोन सरळ परतच केला. “मले काही नाही बाप्पा. माया दात दुखते फक्त.” त्यांच्या तोंडात एकही दात शिल्लक नव्हता.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बाई कप हातात धरून बसल्या होत्या, पीत नव्हत्या.

“तिसरी फळी,” त्या म्हणाल्या.

मला लगेच कळलं नाही.

“अरे, मोबाईल कोणाचा असते घरात? पोराचा. नाही तर नवऱ्याचा. बाईनं त्यावर कुठी बोट ठेवलं थे साऱ्या घराले दिसते. मी त्याईले भर विहारात तिसऱ्या फळीपाशी उभं केलं. लहान होती तवाच मले हे माईत होतं, अन् मी पुन्हा तेच केलं.” इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी ऐकला नव्हता. मग त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. “तुया माणूस चांगला हाय. त्याले घरी ने. आपण उद्यापासून नवं करू.”

पुढचे काही दिवस त्या कोणाशी धड बोलत नव्हत्या. जिन्यातल्या आया वर यायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, जायच्या. बाईंचं समाधान होईना. एकदा सकाळी भाजीची पिशवी घेऊन तशाच ऑफिसात आल्या आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “बाजारात गेलेल्या बाईले कोणी इचारते का, कोणत्या दुकानापुढं उभी होती म्हणून? सारेच बाजारात जाते.” आणि मग, “वार लाव. आजार काढून टाक, नुसते वार लाव.”

तसं केलं. साइट उघडली की सोमवार ते शनिवार, मोठी मोठी बटणं. वार दाबला की त्या दिवशी येणारे सगळे डॉक्टर एकाखाली एक, सारख्या अक्षरात, फोटो नाही, आणखी कुठे दाबायचं नाही. प्रत्येक ओळीत कशाचा डॉक्टर, कोणती खोली, किती वाजता. वाचायचं ते डोळ्यांनी. “बोट चुगली करते,” बाई म्हणाल्या. “डोळे नाही करत.”

एकच गोष्ट आडवी आली. बायकांच्या डॉक्टरांचा दिवस होता शुक्रवार, आणि शुक्रवारी दुसरं कोणीच बसत नसे. म्हणजे शुक्रवारचं बटण हीच पुन्हा तिसरी फळी. मंगळवारी मात्र हाडांची आणि बी.पी.-शुगरची ओपीडी, पाय ठेवायला जागा नसायची. बाईंनी ठरवलं, बायकांचा दिवस मंगळवारी आणायचा. डॉक्टरीणबाई तयार झाल्या. प्रश्न अध्यक्षसाहेबांचा होता.

साहेब कापसाच्या जिनिंगचे मालक, मोठा माणूस, आवाज बाईंच्या तोडीचा. “म्याडम, तुमाले वेबसाइट कराले बोलावलं. दवाखाना हलवाले नाही.”

“साइट दवाखान्याचीच हाय ना साहेब. मंग दोन्ही सोबतच हालतीन.”

“अन् हे काय, नुसते वार? शाळेचं टाइमटेबल हाय का हे? लोक काय म्हणतीन?”

“लोक काहीच म्हणणार नाही. तेच तं पाह्यजे.”

साहेब ऐकेनात. काम काढून घेईन म्हणाले. आम्ही मनातल्या मनात सामान आवरायला लागलो. बाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. “काढून घ्या. पण आधी एक सकाळ हॉलमध्ये येऊन बसा. खुर्ची मी ठेवतो. बोलायचं नाही, अन् हात मागे.”

साहेब आले. मला वाटतं, कोणी आपल्याला हात मागे बांधायला सांगतं याचंच त्यांना नवल वाटलं असावं. त्यांच्या जिनिंगमध्ये पूर्वी काम केलेल्या एक काकू मुलाबरोबर बसल्या होत्या. बाईंनी आधी त्यांना माझी आकृती दाखवली. काकूंनी मुलाकडे बघितलं आणि दात दाबला. साहेब अर्धवट उठले. “अवो काकू, थे तिकडं—”

“हात मागे, साहेब.”

साहेब बसले. मग बाईंनी वारांचं पान दिलं. बायकांच्या डॉक्टरांचं नाव मंगळवारात टाकलेलं पान आम्ही तयारच ठेवलं होतं. काकूंनी एकेक वार दाबून पाहिला. मंगळवारवर त्या थांबल्या. ओठ हलले, डोळे एका ओळीवरून पुढे गेले आणि परत आले. फोन बाईंच्या हातात देत त्या म्हणाल्या, “मंगळवार म्हणे.” मुलगा आपला खिडकीबाहेर बघत होता. त्याला काही कळलं नाही, आणि काही कळायचंही नव्हतं.

साहेबांनी मागे बांधलेले हात सोडले. मग शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “करा मंगळवार.” आणि जाता जाता दारात थांबले. “माया फोटो कुठी टाकान?”

“रविवारी,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी दवाखाना बंद असते. तुमी एकटेच असान.”

“रविवारी पाह्यते कोण?”

“तुमच्या घरचे पाहतीन ना साहेब.”

साहेब हसले. रविवारचं बटण खास त्यांच्यासाठी वाढवलं, आणि त्यांचं मनोगत आजही त्या पानावर आहे, फोटोसकट.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाईंनी “हं, हं” करत ऐकलं आणि फोन ठेवला. आम्ही विचारलं, काय म्हणतात? “येऊन राह्यल्या म्हणे बाया,” एवढंच बोलल्या, आणि मला गिला वडा आणायला पाठवलं. त्या दिवशी कोणीही ‘इतर’ लिहिलं नव्हतं. पैसे बाईंनी दिले.

पुढे मी नोकरीसाठी नागपूरला गेलो. बाईंनी ऑफिस दुसऱ्याच्या हाती दिलं आणि आता त्या बसस्टँडच्या पाट्यांच्या मागे लागल्या आहेत असं कळतं. स्टँडवाल्यांचं काही खरं नाही.

गेल्या हिवाळ्यात तेल्हाऱ्याला घरी गेलो होतो. दुपारी ओसरीवर बसलो होतो. आई पदराला हात पुसत आली. “तुया मोबाईल दे बरं जरा. त्या अकोल्याच्या दवाखान्याचं पाह्यतो. दात दुखून राह्यला.”

मी फोन काढला, साइट उघडली, आणि माझं बोट गुरुवारकडे निघालं. दातांचा डॉक्टर गुरुवारी असतो. ते पान मीच बनवलेलं आहे, मला पाठ आहे. तेवढ्यात आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मी बोट उचललं आणि फोन तिच्या हातात दिला.

ती दाराच्या उजेडाकडे वळली, पाठ माझ्याकडे करून. तिला वेळ लागला. विचारावं, आई, काय होतंय तुला, असं इतकं वाटत होतं की ओठ घट्ट मिटून बसलो. किती महिने ती एकटीच हे घेऊन फिरत होती कोण जाणे. शेवटी तिने फोन पालथा करून माझ्या हातात ठेवला.

“मंगळवारी हाय म्हणे. येशीन का सोबत?”

“येतो ना,” मी म्हणालो.

मंगळवारी हॉल गुडघेवाल्यांनी आणि बी.पी.वाल्यांनी गच्च भरला होता. त्या गर्दीतून आई आत गेली. पुढे तिचं ऑपरेशन झालं. आता ती बरी आहे, शेतात जाऊन येते. इतक्या वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं नाही. म्हणाल्या, “वेळेवर आणलंत हो आईला.” मी आणलं नव्हतं, ती आली होती. गावात कोणी विचारलं तर ती अजून दातांचंच सांगते, आणि आम्ही सगळे मान डोलावतो.

ऑपरेशननंतर आई घरी आल्यावर मी बाईंना फोन केला. किती वर्षांनी. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. म्हणालो, “बाई, आई मंगळवारी जाऊन आली.”

पलीकडे स्टँडचा गोंगाट चालू होता. त्यातूनच बाईंनी विचारलं,

“मोबाईल कोणाचा होता?”

“माझा.”

“अन् तुये हात कुठी होते?”

“मागे,” मी म्हणालो.